घरझडती, जप्ती आणि पंचनामा: तपासी अधिकाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

सत्र न्यायालयात तपासी अधिकाऱ्याची उलटतपासणी सुरू झाली की बचाव पक्षाचे वकील मुद्देमालाकडे फार उशिरा वळतात. सुरुवातीचे प्रश्न असतात ते झडतीला निघण्याआधी ठाणे दैनंदिनीत नोंद केली होती का, कोणत्या वस्तूच्या शोधात निघालात हे केस डायरीत लिहिले होते का, पंचांना कोणी आणि कुठून बोलावले, आणि त्या नोंदीची प्रत दंडाधिकाऱ्यांकडे कोणत्या तारखेला पोहोचली. या प्रश्नांना कागदावर उत्तर नसेल तर कपाटातून निघालेले पिस्तूल खरे असूनही त्याच्याभोवती संशय तयार होतो. म्हणून या लेखात झडतीआधीच्या लेखी तयारीवर आणि जप्तीनंतरच्या मुद्देमालाच्या साखळीवर अधिक भर दिला आहे. प्रत्यक्ष शोधाशोध बहुतेक अधिकाऱ्यांना जमते, आणि खटले ढासळतात ते या दोन टोकांना.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ लागू झाली आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील झडतीच्या तरतुदी नव्या क्रमांकांनी तिच्यात आल्या. जुने कलम १०० आता कलम १०३ आहे, जुने १६५ आता १८५, जुने १६६ आता १८६, आणि पोलिसांच्या जप्तीच्या अधिकाराचे जुने १०२ आता १०६ आहे. कलम १०५ मात्र पूर्णपणे नवे असून त्याने झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण बंधनकारक केले आहे. जुन्या कलमांवरचे सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे, जिथे मजकूर तोच राहिला आहे तिथे, आजही मार्गदर्शक आहेत.

पहिला टप्पा: अधिकार कोणता, हे आधी ठरवावे

दारावर थाप मारण्यापूर्वी अधिकाऱ्याने स्वतःला विचारावे की मी कोणत्या कलमाखाली आत जात आहे. वस्तू एखाद्या बँकेकडे, कंपनीकडे किंवा साक्षीदाराकडे असेल आणि ती मागितल्यावर मिळण्यासारखी असेल, तर कलम ९४ खालील लेखी आदेश पुरेसा असतो. त्या कलमात आता इलेक्ट्रॉनिक संदेश आणि संपर्काची साधनेही स्पष्टपणे आली आहेत. आरोपीला मात्र स्वतःविरुद्धचा कागद हजर करण्यास अशा समन्सने भाग पाडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने शामलाल मोहनलाल चोक्सी प्रकरणात त्या वेळच्या कलमाबाबत ठरवले आहे, त्यामुळे आरोपीच्या ताब्यातील वस्तूसाठी झडतीचाच मार्ग राहतो. वेळ हाताशी असेल तर कलम ९६ खाली न्यायालयाचे झडती वॉरंट घ्यावे, आणि चोरीचा माल किंवा बनावट दस्तऐवज साठवले असल्याची माहिती असेल तर कलम ९७ चे वॉरंट घ्यावे. वॉरंट घेण्याचा कंटाळा करू नये, कारण वॉरंट हाती असले की झडतीच्या गरजेचा वाद न्यायालयात बराच मावळलेला असतो.

वॉरंटविना झडतीचा अधिकार कलम १८५ देते, आणि त्याच्या अटी नीट वाचाव्यात. तपास सुरू असलेला गुन्हा हवा. अदखलपात्र गुन्ह्यात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपासच करता येत नाही, मग झडती दूरच. शोधायची वस्तू आपल्या ठाण्याच्या हद्दीतील विशिष्ट जागी मिळेल असे मानण्यास वाजवी कारण हवे. अन्य मार्गाने ती अवाजवी विलंबाशिवाय मिळणार नाही, असे अधिकाऱ्याचे मत हवे. आणि हे सारे, शक्यतो वस्तूच्या उल्लेखासह, झडतीपूर्वी केस डायरीत लिहिलेले हवे.

जागा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत असेल तर कलम १८६ प्रमाणे तेथील प्रभारी अधिकाऱ्याला झडती घेण्यास कळवावे. तेवढा वेळ गेल्यास पुरावा लपवला किंवा नष्ट केला जाईल अशी परिस्थिती असेल तर स्वतः झडती घेता येते, पण त्यानंतर तेथील ठाण्याला जप्तीच्या यादीसह तात्काळ सूचना देणे आणि दंडाधिकाऱ्यांकडे नोंदींच्या प्रती पाठवणे बंधनकारक आहे. पुण्याचे पथक सोलापूर जिल्ह्यात जाऊन मुद्देमाल आणते आणि स्थानिक ठाण्याच्या डायरीत त्याचा मागमूसही नसतो, असे होता कामा नये.

विशेष कायद्यांचे दार वेगळे असते. अमली पदार्थांच्या कायद्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे. जुगाराच्या अड्ड्यावर छापा घालताना महाराष्ट्र जुगार प्रतिबंध अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे प्रवेश झाला असेल तरच कलम ७ मधील गृहीतकाचा, म्हणजे ती जागा जुगाराचा अड्डा आहे असे मानून चालण्याचा, लाभ सरकार पक्षाला मिळतो. नुसत्या सर्वसाधारण अधिकारावर विसंबून आत गेलेल्या पथकाला पत्ते आणि रोकड सापडूनही तो लाभ गमवावा लागतो.

दुसरा टप्पा: कारणांची नोंद

माझ्या मते हा संपूर्ण प्रक्रियेतील सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त दुर्लक्षिला जाणारा टप्पा आहे. राजस्थान राज्य विरुद्ध रहमान या १९६० च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कारणे नोंदवण्याची तरतूद हा रिवाजाचा भाग नसून नागरिकाच्या घरात शिरण्याच्या मोठ्या अधिकारावर घातलेला आवश्यक अंकुश आहे, आणि ती न पाळता घेतलेली झडती बेकायदा ठरते. १९६३ च्या राधाकिशन प्रकरणात न्यायालयाने त्याचे दोन परिणाम स्पष्ट केले: बेकायदा झडतीला घरातील व्यक्ती प्रतिकार करू शकते, आणि अशा झडतीत मिळालेला पुरावा न्यायालय अधिक काळजीने तपासते.

येथे अनेक अधिकारी पूरणमल प्रकरणातील १९७४ चा निवाडा आणि मुंबईतील सोन्याच्या जप्तीवरून आलेला महाराष्ट्र राज्य विरुद्ध नटवरलाल सोनी हा १९८० चा निवाडा पुढे करतात. झडतीत त्रुटी असली तरी मिळालेला पुरावा केवळ त्या कारणाने बाद होत नाही, हे खरे आहे. पण ‘पुरावा बाद होत नाही’ आणि ‘पुराव्यावर विश्वास बसतो’ यांत मोठे अंतर आहे. खटला विश्वासावर उभा राहतो. शिवाय विनाकारण त्रास देणारी झडती घेणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १४७ खाली शिक्षेची तरतूद आहे, याचाही विसर पडू नये.

नोंद कशी लिहावी? ‘खात्रीलायक बातमीदाराकडून माहिती मिळाल्याने’ एवढे एकच वाक्य प्रत्येक गुन्ह्यात उतरवू नये. माहिती कोणत्या वेळी मिळाली, तिच्यावर विश्वास का ठेवला, जागा कोणती, वस्तू कोणती आणि वॉरंटसाठी का थांबता येत नाही, या पाच गोष्टी त्यात याव्यात. बातमीदाराचे नाव लिहिण्याची गरज नाही. उदाहरणार्थ, ‘अटक आरोपीच्या मोबाइलमधील संदेशांवरून चोरीचे दागिने त्याच्या भावाच्या अमुक पत्त्यावरील खोलीत असल्याचे दिसते, भावाला अटकेची बातमी कळली असून तो दागिने हलवण्याची शक्यता आहे, न्यायालयाची वेळ संपली असल्याने वॉरंट मिळवण्यात उद्या सकाळपर्यंतचा वेळ जाईल’, अशी नोंद वाचणाऱ्या न्यायाधीशाला अधिकाऱ्याचे डोके काम करत होते हे दिसते. अधिकारी स्वतः जाऊ शकत नसेल तर त्याची कारणे लिहून, जागा व वस्तू नमूद करून, हाताखालील अधिकाऱ्याला लेखी आदेश द्यावा. तोंडी आदेशावर झडती चालत नाही.

या नोंदींच्या प्रती दखल घेण्याचा अधिकार असलेल्या नजीकच्या दंडाधिकाऱ्यांकडे तात्काळ, आणि कोणत्याही परिस्थितीत ४८ तासांच्या आत पाठवायच्या आहेत. जुन्या संहितेत फक्त ‘तात्काळ’ असा शब्द होता, आता मुदत आली आहे. न्यायालयाच्या आवक शिक्क्याची पोच केस डायरीला जोडावी. घरमालकाने किंवा भोगवटादाराने अर्ज केल्यास त्यालाही ही प्रत विनामूल्य मिळते.

तिसरा टप्पा: पंच

कलम १०३(४) दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवाशांना बोलावण्यास सांगते, आणि ते त्याच परिसरातील असावेत अशी अपेक्षा ठेवते. परिसरातील कोणी उपलब्ध नसेल किंवा तयार नसेल तर अन्य ठिकाणचे पंच चालतात, मात्र आधी परिसरात प्रयत्न केला हे कागदावर दिसले पाहिजे. कोणाच्या दुकानात विचारले, त्याने काय कारण सांगून नकार दिला, हे दोन ओळींत लिहावे. लेखी आदेश देऊनही वाजवी कारणाशिवाय नकार देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२२ खालील गुन्हा मानला जातो. पण हे कलम दाखवून धाक घालण्यापेक्षा, न्यायालयात विशेष समन्स आल्याशिवाय यावे लागत नाही ही कायद्यातील हमी लोकांना समजावून सांगितली तर अधिक माणसे तयार होतात.

ठाण्याजवळच्या चहाच्या टपरीवरून उचललेले सराईत पंच टाळावेत. एकच व्यक्ती त्याच ठाण्याच्या अनेक गुन्ह्यांत पंच असल्याचे जुन्या निकालपत्रांवरून दाखवणे आता बचाव पक्षाला सोपे झाले आहे. सरकारी कर्मचारी पंच घेण्याची पद्धत महाराष्ट्रात लाचलुचपतीच्या सापळ्यांत रुजली आहे, आणि नियोजित छाप्यांतही ती उपयोगी पडते. पंचाला वाचता येईल अशाच भाषेत पंचनामा असावा. पंच अमराठी असेल तर मजकूर त्याच्या भाषेत कोणी समजावून सांगितला हे लिहावे. घरात स्त्रिया असतील तर एक महिला पंच आणि महिला पोलीस बरोबर असाव्यात.

पंच फितूर झाले म्हणून पंचनामा आपोआप संपत नाही. तपासी अधिकाऱ्याची साक्ष विश्वासार्ह असेल तर तिच्यावरून जप्ती सिद्ध होऊ शकते. अट एवढीच की अधिकाऱ्याने साक्षीत पंचनाम्यातील वस्तुस्थिती स्वतःच्या तोंडाने सांगितली पाहिजे. ‘मी पंचनामा केला, त्यावर माझी सही आहे’ एवढ्यावर थांबणारी साक्ष अपुरी ठरते, कारण पंचनामा हा स्वतंत्र पुरावा नसून साक्षीला दुजोरा देणारा दस्त आहे.

चौथा टप्पा: चित्रीकरण

कलम १०५ प्रमाणे जागेची झडती, वस्तू ताब्यात घेणे, यादी तयार करणे आणि पंचांनी त्या यादीवर सही करणे या सर्व गोष्टींचे चित्रीकरण, शक्यतो मोबाइलवर, करायचे आहे आणि ते विनाविलंब जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी यांच्याकडे पाठवायचे आहे. कलम १८५ खालील झडतीसाठी हेच बंधन त्या कलमातही आहे. यासाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केलेले ई-साक्ष्य ॲप चित्रीकरणासोबत ठिकाण आणि वेळ नोंदवते, त्यामुळे अधिकाऱ्याने खासगी फोनच्या गॅलरीऐवजी तेच वापरावे.

चित्रीकरण दाराबाहेर सुरू करावे. तारीख, वेळ, पत्ता, गुन्हा नोंदणी क्रमांक, पथकातील सर्वांची नावे आणि पंचांची ओळख कॅमेऱ्यासमोर बोलून घ्यावी. एका कर्मचाऱ्याला फक्त चित्रीकरणाचे काम द्यावे, त्याच्या हातात दुसरे काही देऊ नये. वस्तू सापडताच ती न उचलता आधी जागेवर दाखवावी, मग पंचांना दाखवावी, मग उचलावी. वजनकाट्यावरील आकडा, लाखेची मोहोर लावण्याची कृती आणि लेबलावरच्या सह्या स्पष्ट दिसाव्यात. बॅटरी संपली किंवा नेटवर्कमुळे खंड पडला तर तो कोणत्या वेळी आणि का पडला हे पंचनाम्यात नमूद करावे.

एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. वस्तू चित्रीकरण सुरू होण्याआधीच सापडली असेल तर ती परत जागेवर ठेवून ‘सापडल्याचे’ दृश्य पुन्हा चित्रित करू नये. जे घडले ते तसेच लिहावे आणि तिथून पुढचे चित्रीकरण करावे. खरी जप्ती खोटी ठरवण्याची इतकी खात्रीशीर वाट दुसरी नाही, आणि हा मोह तरुण अधिकाऱ्यांना हमखास होतो. त्याचप्रमाणे हे चित्रीकरण कोणत्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा पत्रकारांकडे जाता कामा नये. ज्या घरात आपण शिरलो त्या घरातील म्हाताऱ्या माणसांचे आणि मुलांचे चेहरे त्यात असतात, आणि २०१७ च्या पुट्टस्वामी निवाड्यानंतर खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे.

पाचवा टप्पा: प्रत्यक्ष झडती

निघताना ठाणे दैनंदिनीत वेळ, पथक, वाहन, वजनकाटा, सीलचे साहित्य आणि पाकिटे यांची नोंद करावी. दारावर स्वतःची ओळख द्यावी आणि वॉरंट असल्यास दाखवावे. पंचांसमक्ष पथकाची अंगझडती घरमालकाला देऊ करावी. ही प्रथा संहितेत शब्दशः लिहिलेली नसली तरी ‘पोलिसांनीच वस्तू ठेवली’ या आरोपाला तिच्याइतके चांगले उत्तर नाही. घरमालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला झडतीच्या वेळी हजर राहण्याचा हक्क कलम १०३(६) देते, म्हणून त्याला बाहेर बसवून आत शोध घेऊ नये. एका वेळी एकाच खोलीत शोध घ्यावा, म्हणजे दोन्ही पंचांची नजर त्याच जागी राहते. चार शिपाई चार खोल्यांत पांगले की ‘पंचांसमक्ष’ या शब्दाला अर्थ उरत नाही.

दार उघडण्यास नकार मिळाला तर अधिकार आणि हेतू सांगून, आत येऊ देण्याची मागणी करून, त्यानंतरच दार तोडता येते. रूढीनुसार लोकांसमोर न येणारी स्त्री ज्या खोलीत राहते तिथे जाण्याआधी तिला बाहेर पडण्याची सूचना आणि पुरेशी सोय द्यावी लागते. घरातील कोणी अंगावर वस्तू लपवली असल्याचा वाजवी संशय असल्यास त्याची अंगझडती घेता येते. स्त्रीची अंगझडती दुसऱ्या स्त्रीनेच, शालीनतेचा पूर्ण मान राखून घ्यावी. कलम १०५ जागेच्या झडतीविषयी आणि वस्तू ताब्यात घेण्याविषयी बोलते, स्त्रीच्या अंगझडतीच्या चित्रीकरणाविषयी नाही. ती आडोशाला व्हावी आणि सापडलेली वस्तू नंतर कॅमेऱ्यासमोर घ्यावी.

काहीच सापडले नाही तरी निरंक पंचनामा करावा, त्याची प्रत द्यावी आणि विस्कटलेले घर शक्य तितके पूर्ववत करून निघावे. तुटलेल्या कुलपाची नोंद करावी. ज्याच्या घरी काही निघाले नाही तो माणूस उद्याचा साक्षीदार असू शकतो.

पंचनाम्याची भाषा

पंचनाम्यात दिसले तेवढेच लिहावे. अंगठी सोन्याची आहे हे सराफाने सांगेपर्यंत ती ‘पिवळ्या धातूची’ असते. हा आपल्या ठाण्यांतील जुना शिरस्ता योग्य आहे. रोकड असेल तर कोणत्या मूल्याच्या किती नोटा ते लिहावे आणि नोटांचे क्रमांक स्वतंत्र यादीत घ्यावेत. दुचाकीच्या नंबरप्लेटवर न थांबता चेसिस व इंजिन क्रमांक घ्यावा. शस्त्राची लांबी, पात्याची रुंदी, मुठीचे साहित्य, डाग असल्यास त्यांचा रंग आणि जागा नमूद करावी. डाग ‘रक्तासारखा’ दिसतो असे लिहावे, ‘रक्ताचा’ असे नाही. ओले कपडे सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवावेत, कारण प्लॅस्टिकमध्ये दमट राहिलेले जैविक नमुने खराब होतात.

वस्तू नेमकी कुठे मिळाली हे यादीत असणे कायद्यानेच आवश्यक आहे. ‘घरातून’ हा शब्द निरुपयोगी आहे. ‘पश्चिमेकडील शयनगृहातील लोखंडी कपाटाच्या दुसऱ्या खणात, साड्यांच्या खाली’ असे लिहावे, आणि त्या कपाटाची किल्ली कोणी दिली हेही लिहावे, कारण एकत्र कुटुंबात ताबा कोणाचा होता हा वाद किल्लीवरच मिटतो. पंचनामा सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ लिहावी. फिर्याद नंतर दाखल झाली असेल तर आधीच्या पंचनाम्यावर गुन्हा नोंदणी क्रमांक घालू नये. क्रमांक मिळण्याच्या तासभर आधीच्या पंचनाम्यावर तोच क्रमांक त्याच शाईत दिसला, तर पंचनामा ठाण्यात बसून लिहिला हा निष्कर्ष टाळणे कठीण जाते. यादीवर पंचांच्या सह्या घ्याव्यात, प्रत भोगवटादाराला द्यावी आणि प्रत मिळाल्याची पोच घ्यावी.

आरोपीच्या निवेदनावरून जप्ती

भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ च्या परंतुकात जुन्या पुरावा कायद्याचे कलम २७ आले आहे. पोलिसांच्या ताब्यातील आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तुस्थिती उघड झाली, तर माहितीचा तेवढाच भाग पुराव्यात येतो; मर्यादा कुठे आखायची हे १९४७ च्या पुलुकुरी कोटय्या निवाड्यापासून स्पष्ट आहे. निवेदन पंचांसमक्ष आरोपीच्या नेमक्या शब्दांत आणि त्याच्या बोलीत उतरवून घ्यावे. २०२२ च्या रामानंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या क्रमावर विशेष भर दिला. पंचनाम्याचा पहिला भाग येथे संपवून सह्या घ्याव्यात. मग त्याच पंचांसह निघावे, वाहन कोणत्या दिशेने न्यायचे हे आरोपीने सांगावे, आणि वस्तू त्याने स्वतः काढून द्यावी. पोलीस पुढे आणि आरोपी मागे असे चित्रीकरणात दिसले तर उघड कोणी केले हा प्रश्न उभा राहतो. जागा सर्वांना खुली असेल, उदाहरणार्थ नाल्याकाठचे झुडूप, तर वस्तू बाहेरून दिसत नव्हती, ती पुरलेली किंवा झाकलेली होती, हे तपशिलाने नोंदवावे.

अमली पदार्थ

१९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात शिक्षा कठोर आहेत, म्हणूनच प्रक्रियेची मोजमापेही कठोर आहेत. बंद जागेबाबतची माहिती कलम ४२ प्रमाणे लेखी उतरवून तिची प्रत ७२ तासांत लगतच्या वरिष्ठाकडे पाठवावी. सूर्यास्त ते सूर्योदय या काळात वॉरंटविना शिरायचे असेल तर वॉरंट मिळवण्यात पुरावा लपवण्याची वा आरोपी पळण्याची संधी का मिळेल हे आधी लिहावे. सार्वजनिक ठिकाणासाठी कलम ४३ लागू होते.

अंगझडतीपूर्वी कलम ५० खाली आरोपीला राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडतीचा हक्क आहे, हे सांगावे लागते. बलदेव सिंग (१९९९) आणि विजयसिंह जडेजा (२०१०) या घटनापीठांच्या निवाड्यांनुसार हे काटेकोरपणे पाळायचे आहे. ‘तुझी इच्छा आहे का’ असे विचारणे पुरेसे नाही, हक्क आहे असे सांगितले पाहिजे. परमानंद प्रकरणात (२०१४) अनेक आरोपींना मिळून एकच सूचना देणे आणि छाप्यात सामील अधिकाऱ्यासमोर झडतीचा तिसरा पर्याय देणे दोषास्पद ठरले. हातातील पिशवीला कलम ५० लागू होत नाही, हे पवन कुमार प्रकरणात (२००५) ठरले आहे, तरीही सूचना देऊन ठेवणे शहाणपणाचे आहे.

गांजाबाबत एक बारकावा अनेक खटल्यांत निर्णायक ठरतो. कायद्यातील गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे. शेंड्यांसोबत नसलेल्या बिया आणि पाने त्यात येत नाहीत. १ किलोपर्यंत अल्प आणि २० किलोंपेक्षा जास्त ते व्यावसायिक प्रमाण असल्याने, पोत्यात नेमके काय होते याचे वर्णन न करता सरसकट २२ किलो वजन लिहिले तर व्यावसायिक प्रमाणच वादात सापडते. नमुने छाप्याच्या जागी काढू नयेत. कलम ५२-अ, २०१६ चा मोहनलाल निवाडा आणि २०२२ चे नियम यांप्रमाणे दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून त्यांच्यासमोर यादी प्रमाणित करावी, छायाचित्रे घ्यावीत आणि नमुने काढावेत. कलम ५७ चा अहवाल वरिष्ठांना ४८ तासांत द्यावा. द्वेषाने किंवा विनाकारण झडती घेणाऱ्या अधिकाऱ्याला कलम ५८ खाली शिक्षा आहे.

मोबाइल, संगणक, सीसीटीव्ही

फोन सुरू आहे की बंद हे आधी लिहावे. सुरू असेल तर पंचांसमक्ष एअरप्लेन मोडवर टाकून रेडिओ लहरी रोखणाऱ्या पाकिटात ठेवावा, म्हणजे दूरवरून मजकूर पुसता येणार नाही. आयएमईआय (फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक), सिमकार्ड, मेमरी कार्ड यांची नोंद करावी आणि उत्सुकतेपोटी गॅलरी चाळू नये; प्रत्येक स्पर्शाने फोनमधील नोंदी बदलतात. पासवर्ड आरोपीने स्वेच्छेने दिला तर तसे लिहावे. तो सांगण्याची सक्ती करू नये. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीला मनाई करणाऱ्या संविधानाच्या अनुच्छेद २०(३) मुळे त्यात गंभीर प्रश्न आहे, आणि गरज असेल तर न्यायालयाचा आदेश घ्यावा.

इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चे प्रमाणपत्र लागते. त्याचा एक भाग साधन ज्याच्या ताब्यात होते त्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असून त्यात हॅश मूल्य, म्हणजे मजकुरात बदल झालेला नाही हे पडताळण्याचा अंकी ठसा, लिहायचे असते. जुन्या कलम ६५-ब चे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले ते जालना विधानसभा निवडणुकीवरून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात. स्वतःच्या झडतीच्या चित्रीकरणालाही हे प्रमाणपत्र लागते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. दुकानातील सीसीटीव्हीचे चित्रीकरण काही दिवसांत आपोआप पुसले जाते, म्हणून पहिल्याच दिवशी ते ताब्यात घ्यावे आणि यंत्राचे घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे वा मागे आहे हे पंचनाम्यात लिहावे. इलेक्ट्रॉनिक साधन कोणाकडून कोणाकडे गेले याचा क्रम आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे दोषारोपपत्रातच द्यावा लागतो.

बँक खाते आणि स्थावर मालमत्ता

बँक खाते ही जप्त करता येणारी ‘मालमत्ता’ आहे, हे महाराष्ट्र राज्य विरुद्ध तपस नियोगी (१९९९) मध्ये ठरले. घर किंवा जमीन मात्र पोलिसांना जप्तीच्या कलमाखाली (जुने १०२, आता १०६) जप्त करता येत नाही, असे नेवाडा प्रॉपर्टीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२०१९) मध्ये ठरले. कागदपत्रे घेता येतात. कलम १०६(३) प्रमाणे जप्तीचा अहवाल दंडाधिकाऱ्यांकडे तात्काळ जावा. २०२४ च्या शेंतो वर्गीस निवाड्याप्रमाणे उशिरामुळे जप्ती रद्द होत नसली तरी उशिराचे कारण द्यावे लागते. खाते गोठवताना वादग्रस्त रकमेपुरतेच गोठवता येईल का, याचा विचार जरूर करावा. सायबर फसवणुकीच्या साखळीत कोणा लहान दुकानदाराच्या खात्यात काही शे रुपये आले म्हणून त्याचा संपूर्ण व्यवहार बंद पाडणे न्याय्य नाही.

जप्तीनंतर

ठाण्यात परत आल्यावर त्याच दिवशी जप्त वस्तू मुद्देमाल कारकुनाकडे जमा करून रजिस्टरचा क्रमांक घ्यावा. मोहोर कोणाच्या ताब्यात राहिली, तिचा नमुना ठसा प्रयोगशाळेच्या पत्रावर उमटवला का, पाकीट कोणत्या अंमलदाराने कोणत्या तारखेला नेले, तिथे सील शाबूत असल्याचा शेरा मिळाला का, या प्रत्येक हस्तांतराला एक सही आणि एक वेळ हवी. नेणाऱ्या अंमलदाराचा जबाब नोंदवावा. साक्षीदारांच्या यादीतून सर्वांत जास्त वेळा निसटणारे नाव त्याचेच असते. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत कलम १७६(३) न्यायवैद्यक तज्ज्ञाच्या घटनास्थळ भेटीची तरतूद करते. राज्याने ती अधिसूचित करण्याची मुदत पाच वर्षांपर्यंत असली तरी पथक उपलब्ध असेल तिथे आजच बोलवावे.

शेवटी मालकाचा विचार करावा. चोरीला गेलेली दुचाकी ठाण्याच्या आवारात गंजत राहते आणि फिर्यादी हप्ते भरत राहतो, ही स्थिती सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच नापसंत केली होती. आता कलम ४९७ प्रमाणे मालमत्ता हजर झाल्यापासून १४ दिवसांत न्यायालयाने तिचे वर्णनपत्र करायचे, छायाचित्र किंवा चित्रीकरण करून घ्यायचे आणि त्यानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यायचा आहे. तपासी अधिकाऱ्याने न्यायालयाने मागण्याची वाट न पाहता, वस्तू पुराव्यासाठी प्रत्यक्ष लागेल की छायाचित्र पुरेसे आहे याविषयी आपला अहवाल मुद्देमालासोबतच सादर करावा, आणि परत मिळवण्यासाठी अर्ज कुठे करायचा हे फिर्यादीला स्वतः सांगावे.